चावरी

रेचलताईंनी दार लोटलं आणि त्या सतरंजीवर बसल्या. मी उभीच राहिले. 'चावणं वाईट असतं, बाळ' हे वाक्य आता येणार याची मला खात्री होती, आणि ते आलं की काय करायचं हेही माझं ठरलेलं होतं. तोवर मी चार जणांना चावले होते. पाचव्या माणसाचे हात समोरच होते आणि चांगले गुबगुबीत होते.

"वैजयंती, या खोलीत काय करायचं ते तू ठरवायचं," त्या म्हणाल्या. "स्वतःला लागेल असं काही करायचं नाही. मला लागेल असं काही करायचं नाही. बाकी सगळं चालतं."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तेही चालतं."

म्हणून मी काहीच केलं नाही. पाऊण तास भिंतीकडे तोंड करून बसले. मागे त्या होत्या, पण खाकरणं नाही, चुळबुळ नाही, 'बघ किती छान बाहुली' असली लाडीगोडी नाही. शेवटी "आजची वेळ संपली, पुढच्या शनिवारी मी इथंच असेन" एवढंच म्हणाल्या. मी जिंकले होते, पण समोरचं कुणी हरलेलं दिसत नव्हतं, त्यामुळे आमचं इस्लामपूर येईपर्यंत मी एसटीत धुमसत होते.

मी दहा वर्षांची होते. आदल्या थंडीत माझे बाबा गेले. दुकानात मोटार भरता भरता त्यांच्या छातीत कळ आली आणि सांगलीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. आमच्या उसाच्या पट्ट्यात विहिरीवरच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे कामाला कधी तोटा नव्हता. शाळेतून आले की तांब्याच्या तारेचं टोक धरून बसायचं काम माझं. आज त्याच दुकानात मी मोटारी भरते, आणि एखाद्या गिऱ्हाइकानं "मालक कुठायत?" असं विचारलं तर त्याला ऐकवायचं ते ऐकवते.

तर बाबा गेले आणि मी चावायला लागले. पहिले काका. मग शाळेतले कवायतीचे सर. मग शेजारच्या शेवंताबाई. मग शिकवणीच्या बाई, त्यांना तर टाका घालावा लागला. पोरं मला 'चावरी' म्हणायला लागली. मला त्या नावाचं काही वाटत नव्हतं, उलट बरंच होतं. चावरीला कुणी लंगडीत ढकलत नाही.

घरच्यांनी आपल्या परीनं उपाय केले. आईनं मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. काका कुठल्याशा देवऋषाकडून अंगारा घेऊन आले. शेवटी शाळेच्या हेडबाईंनी आईला बोलावलं आणि सांगितलं, की सांगलीत मुलांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मिरजेच्या रेचल लोंढे म्हणून बाई आहेत, त्या मुलांना खेळू देतात, आणि खेळताना मुलांच्या मनातलं जे तोंडानं येत नाही ते हातानं बाहेर येतं. काका हे ऐकून हसले. धोंडिरामकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि बाबांच्या माघारी घरात शब्द त्यांचा. ते म्हणाले, वर्षश्राद्धापर्यंत खेळू दे काय खेळायचं ते. तोवर हिचे दात आवरले नाहीत तर श्राद्धाला सगळे भाऊबंद जमतीलच, त्यांच्यासमोर ठरवू आणि हिला पन्हाळ्याकडच्या मुलींच्या वसतिगृहात टाकू. आई म्हणाली, "बघू." त्या वर्षी आई प्रत्येक गोष्टीला "बघू"च म्हणायची.

मला वसतिगृहात जायचं नव्हतं. बाबा गेले होते, दुकानाला कुलूप लागलं होतं, आता आईही हातची जाणार होती. ते टाळायचं तर मला फक्त चावायचं थांबायचं होतं, आणि तेवढंच माझ्याच्यानं होत नव्हतं. मी ठरवून चावत नव्हते. दात आधी लागायचे आणि मला मागून कळायचं. "का गं चावलीस?" असं विचारलं की सांगण्यासारखं काही सापडायचं नाही. मग मी मान ताठ करून उभी राहायची आणि सगळ्यांना वाटायचं, पोरगी माजलीय.

रेचलताई मात्र 'का' विचारत नव्हत्या. त्यांच्या खोलीत वाळूनं भरलेला एक पसरट लाकडी ट्रे होता, ठोकळे होते, भातुकली होती, कापडी माणसं आणि रबरी जनावरं होती. मी वाळूत हात घातला की त्या शेजारी बसून मी काय करते तेच बोलून दाखवायच्या. "तू वाळूचा ढीग केलास." "घोडा उताणा पडला." दोन शनिवार मी हे सहन केलं.

"मला दिसतंय ते," मी म्हटलं. "तुम्ही गप्प बसा."

आणि त्या गप्प बसल्या. मोठं माणूस माझ्या सांगण्यावरून गप्प बसलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी ढीग केले, मोडले, घोडे पुरले, उकरले. त्या नुसत्या बघत होत्या, पण दुसरीकडे कुठं बघत नव्हत्या, एवढं खरं. शेवटी मलाच करमेना. म्हटलं, "आता बोला."

"घोडे वर आले," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसलेली आई दर वेळी त्यांना विचारायची, काय खेळली आज, काय बोलली. दर वेळी त्यांचं एकच उत्तर असायचं, की तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. आई हिरमुसायची. घरी आल्यावर काका तेच विचारायचे आणि आईकडे उत्तर नसायचं. म्हणून दिवाळीच्या सुमारास एक दिवस काका स्वतःच आम्हाला जीपमधून घेऊन आले. थोडा वेळ बाकावर बसले आणि मग उठून त्यांनी दार ढकललं.

"काय चाललंय ते जरा बघू की," ते म्हणाले.

रेचलताई उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाई उंचीनं जेमतेम काकांच्या खांद्याला लागत होत्या. "आत यायचं तर वैजयंतीला विचारावं लागेल. आत्ता ही खोली तिची आहे."

"अहो, मी चुलता आहे तिचा."

"हो ना. मग विचारा की तिला."

काकांनी आयुष्यात कुठल्या पोराला काही विचारलं नव्हतं. ते पोरांना सांगायचे. त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही कुणी त्यांना भर बाजारात लंगडी घालायला सांगितलंय. तरी त्यांनी रेचलताईंच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "येऊ का गं?"

"नाही," मी म्हणाले.

दार लागलं. बाहेर काकांचा आवाज बराच वेळ चढत होता. वाळूच खेळायची तर घरामागं ट्रॉलीभर पडलीय, तिच्यात लोळ म्हणावं. एवढी शिकलेली बाई पोरीपुढं फतकल मारून बसते, हिला चाळे शिकवते.  घरी जीपमधून उतरल्यावर आई म्हणाली, "भाऊजी, पुढच्या वेळेपासून आम्ही एसटीनं जाऊ." 'बघू' म्हणाली नाही. मला ते तेव्हाच जाणवलं आणि मी रात्री पोटभर जेवले.

खोली माझी आहे हे एकदा काकांच्या तोंडावर सिद्ध झालं, मग मी तो खेळ मांडला.

ठोकळ्यांचं घर केलं. त्याला एक दार ठेवलं. दारापासून वाळूतून बोटानं वाट काढली आणि वाटेच्या शेवटी वाटीत पाणी ओतून नदी केली. चार कापडी माणसांच्या मधे एक काडेपेटी ठेवली. त्यांच्या पुढं रबरी माकड उभं केलं आणि माकडाच्या हाताशी भातुकलीतलं मडकं टेकवलं. बायका घरात, भिंतीकडे तोंड करून. आणि एक छोटी बाहुली दारात.

मग मी हत्ती उचलला आणि रेचलताईंच्या हातात दिला. "हे काका. तुम्ही काका व्हायचं."

त्यांनी तोंडाशी हात आडवा धरला आणि अगदी हळू, गुपित विचारावं तसं विचारलं, "काका काय करतात?"

"तिचं मनगट धरतात. घट्ट."

हत्तीची सोंड बाहुलीच्या हातावर आली.

"आणि काय म्हणतात?"

"'पोरींनी मसणात यायचं नसतं. संकेत आहे की मडकं धरायला.' असं म्हणतात. मोठ्यानं म्हणा."

त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"अजून मोठ्यानं. सगळे रडतायत. ऐकू येत नाही."

रेचलताई ओरडल्या. खरंच ओरडल्या, दवाखान्यातली पोरं दचकली असतील. आणि मी वाकून हत्तीच्या सोंडेला कडकडून चावले. ते रबर तोंडात कडू लागत होतं, तरी सोडलं नाही. चावता चावताच दुसऱ्या हातानं मी ती चार माणसं पुढं सरकवत होते, कारण ती काही थांबली नव्हती. काडेपेटी नदीवर पोचली. दारात बाहुली एकटी राहिली.

"ती चावली," रेचलताई हळू म्हणाल्या. "पण ते गेले."

मी तोंडात हत्ती धरून रडले. बाबा गेल्यावर मी रडले नव्हते, आणि बायका त्यावरूनही कुजबुजल्या होत्या. त्या दिवशी दारातून बाबांना उचललं तेव्हा मी म्हटलं होतं, मला पण यायचंय. बाबांचं पोर मीच होते, दुसरं कुणी नव्हतं. पण मडकं काकांच्या मुलाच्या, संकेतच्या हातात दिलं, जो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि ज्याला आदल्या रात्रीपासून फक्त झोप येत होती. मी पुढं धावले आणि काकांनी माझं मनगट धरलं. मी चावले तरी बाबांना घेऊन सगळे कोपऱ्यावरून वळेपर्यंत सोडलं नाही.

"हात धरला की ती चावते," मी म्हटलं. हे मला बोलतानाच कळलं. कवायतीच्या सरांनी मनगट धरून मला रांगेत ओढलं होतं. शेवंताबाईंनी भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या पाया पडायला ओढलं होतं. शिकवणीच्या बाईंनी माझं अक्षर वळणावर यावं म्हणून हात धरून गिरवायला घेतलं होतं. एवढी मोठी माणसं, पण एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. सगळे नुसते माझे दात बघत होते. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला, आणि फार हलकंही वाटलं.

पुढचे कितीतरी शनिवार मी तोच खेळ खेळले. कधी हत्तीला नदीत बुडवलं. कधी माकडाचं मडकं फोडलं. एकदा ती चार माणसं अर्ध्या वाटेवरून बाहुलीला न्यायला परत आली. एकदा बाबा काडेपेटीतून उठून बसले, पण त्यांना मी स्वतःच परत निजवलं. तसलं खोटं मला खेळात पण नको होतं. रेचलताई हत्ती घेऊन दर वेळी विचारायच्या, काका काय करतात, आणि मी सांगेन ते करायच्या.

एका शनिवारी मी म्हटलं, "आज ती चावत नाही."

"मग काय करते?"

"सांगते."

"काय सांगते?"

मला येईना. बाहुली दारात उभी, सोंड तिच्या हातावर, आणि मी नुसती तोंड उघडून बसलेली. रेचलताईंना बहुतेक येत असणार. पण त्यांनी एक शब्द पुढं केला नाही. वेळ संपल्यावर म्हणाल्या, "नाही सापडलं आज. हरकत नाही." मग त्यांनी विचारलं, "वैजयंती, आईला एक गोष्ट सांगू का? फक्त मनगटाची. बाकी काही नाही." मी जरा विचार केला आणि होकार दिला. बाहेर बाकावर त्यांनी आईला तेवढंच सांगितलं, की हिला बोलवायचं तर हाक मारा, हात धरू नका.  स्टँडवर जाताना रस्ता ओलांडायच्या वेळी तिचा हात सवयीनं पुढं आला आणि तिनं तो मागं घेतला. "चल," म्हणाली. आम्ही शेजारी शेजारी चालत रस्ता ओलांडला.

वर्षश्राद्ध त्याच आठवड्यात होतं. घर भाऊबंदांनी भरलेलं. स्वयंपाकघरात वड्यांचा घाणा चालू होता, पुरुष ओसरीवर पानसुपारी करत बसले होते, आणि मधूनमधून कुणीतरी माझ्याकडे बघून काकांना काहीतरी विचारत होतं. वसतिगृहाचं नाव माझ्या कानावर दोनदा पडलं. जेवणं झाली की ठरणार होतं. पुढच्या सोप्यात गुरुजींनी दर्भ, तीळ, पळीपंचपात्र मांडलं आणि विचारलं, "कर्ता कोण? लवकर बसवा, मला पुढं पेठला पोचायचंय."

काकांनी संकेतला पुढं केलं. तो पंचा सावरत पाटावर बसला आणि त्यानं भली मोठी जांभई दिली.

मी बायकांमधून उठले. कुणी काही बोलायच्या आत पाटापाशी जाऊन उभी राहिले. संकेतला म्हटलं, "ऊठ." तो बिचारा लगेच उठला. त्याची पण सुटका झाली.

आणि काकांनी माझं मनगट धरलं.

  कवायतीचे सर सोडले तर मी चावलेले सगळे त्या घरात हजर होते, आणि शेवंताबाई तर दोन पावलं मागं सरल्या. माझे दात शिवशिवले. खोटं कशाला सांगू, चावण्यासाठी माझं तोंड उघडलंही होतं. काकांच्या हातावर माझ्या दातांचा जुना वण मला अगदी जवळून दिसत होता. त्यांनी डोळे बारीक केले, पण हात काढला नाही.

"काका, हात सोडा," मी म्हणाले. "माझ्या बाबांना पाणी मी देणार."

"मुली बसत नाहीत गं, बाळ," काका म्हणाले. त्यांचा आवाज रागीट नव्हता. तो रागीट असता तर सोपं गेलं असतं.

"मी बसते."

"लोक काय म्हणतील? चल, आत जा."

"हात सोडा. मग मी बोलते."

त्यांनी सोडला नाही. मी ओढलाही नाही. तशीच उभी राहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आई आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"सोडा तिचा हात, भाऊजी," आई म्हणाली. "ती सांगतेय ना."

"मंगल, तू यात पडू नको."

"पडायला पाहिजे होतं, त्याच दिवशी. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते." आईनं ओसरीवरच्या भाऊबंदांकडे बघितलं. "आणि सगळे आलेत तर तेही आत्ताच सांगते. माझी मुलगी वसतिगृहात जाणार नाही. तिला काही झालेलं नाही. तिचं कुणी ऐकलं नव्हतं, एवढंच झालं होतं."

 कुणीतरी गुरुजींकडे बघितलं, की आता ते काहीतरी शास्त्र काढतील आणि हा तमाशा मिटेल. गुरुजींनी घड्याळात बघितलं. "मुलगी बसली तर आभाळ कोसळत नाही," ते म्हणाले. "बसायचं असेल तर बसा म्हणावं, दक्षिणेकडे तोंड करून."

काकांचा हात सुटला. मी पाटावर बसले.

"नाव?" गुरुजींनी विचारलं.

"वैजयंती."

"वडिलांचं?"

त्या घरात वर्षभर कुणी बाबांचं नाव घेतलं नव्हतं. 'तुझे बाबा', 'ते', 'आमचा धाकटा', असं सगळं चालायचं. मला वाटलं माझा आवाज फुटायचा नाही. पण फुटला, आणि मला वाटलं होतं त्याहून मोठा फुटला, बाहेर ओसरीपर्यंत गेला.

"मारुती. मारुती ज्ञानू जगदाळे."

गुरुजींनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि अंगठ्यावरून कसं सोडायचं ते दाखवलं. माझ्या मनगटावर काकांच्या बोटांचे लाल वळ उठले होते. मागून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. काका रडत होते. भाऊ गेल्यापासून त्यांना कुणी रडताना बघितलं नव्हतं, आणि मला त्यांची जराही दया आली नाही. ती आली, पण बऱ्याच वर्षांनी. त्या दिवशी माझ्या हातात बाबांचं पाणी होतं, आणि गुरुजींचा मंत्र पुरा होईपर्यंत ते मला सांडू द्यायचं नव्हतं.